बीपी आहे म्हणून रोज ॲस्पिरिन? माझा विरोध

निवांत७१
वय ७१, बीपी बारा वर्षं. हार्ट अटॅक नाही, स्टेंट नाही, पक्षाघात नाही. तरी सात वर्षं ‘रक्त पातळ राहावं’ म्हणून रोज ॲस्पिरिन घेत होतो. घड्याळाचा पट्टा घासला तरी मनगटावर जांभळा डाग उमटायचा. गेल्या महिन्यात डॉक्टरांनीच गोळी बंद केली. माझं मत सरळ आहे: झटका येऊन गेलेला नसेल, तर सत्तरीपुढे निव्वळ बीपीसाठी ही गोळी सुरू करू नये.

आडमुठा
नाही पटलं. निरोगी रक्तवाहिनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन ही द्रव्यं स्रवून प्लेटलेट्सना, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींना, गप्प बसवतं. वर्षानुवर्षं बीपीचा मारा झाला की ते अस्तर बिघडतं, प्लेटलेट्स चिकटायला लागतात. वयाची त्यात भरच. मग चिकटपणा कमी करणारी गोळी नको कशी? १९९८ च्या हॉट चाचणीत बीपीचे जवळपास १९ हजार रुग्ण होते. ॲस्पिरिनने हार्ट अटॅक कमी झालेच ना?

निवांत७१
झाले. पक्षाघात कमी झाले नाहीत आणि मोठे रक्तस्राव जवळजवळ दुप्पट झाले, हे मात्र सगळे सोयीस्कर गाळतात. शिवाय तिथे सगळ्यांचं बीपी औषधांनी आटोक्यात आणलं होतं. वरचं १८० असताना ॲस्पिरिन घेणं म्हणजे मेंदूत रक्तस्रावाला आमंत्रण. २०१८ ची ॲस्प्री चाचणी तर खास ज्येष्ठांवरच होती. १९,११४ लोक, बहुतेक सत्तरीपुढचे, रोज १०० मिलिग्रॅम. हृदयविकारात म्हणावा असा फरक नाही, मोठे रक्तस्राव ३८ टक्क्यांनी जास्त.

लॅबवाली
मध्येच बोलते. लोक रिपोर्टवर २.४ लाख प्लेटलेट्स बघून विचारतात, “रक्त घट्ट नाही ना?” अहो, ती नुसती संख्या! दीड ते साडेचार लाख नॉर्मल. त्या किती चिकट आहेत हे त्या आकड्यात दिसत नाही. चिकटपणाच्या वेगळ्या तपासण्या असतात, पण रक्त काढताना ओढाताण झाली तरी प्लेटलेट्स चिडतात आणि निकाल बिघडतो.

आडमुठा
म्हणजे माझ्या सासऱ्यांनीही बंद करायची? त्यांना स्टेंट आहे.

निवांत७१
अजिबात नाही! पहिल्या पोस्टमध्ये ‘झटका येऊन गेलेला नसेल’ लिहिलंय, त्यात स्टेंटही धरा. त्यांनी स्वतःच्या मनाने एक दिवसही चुकवू नये. माझ्यासारख्यांबद्दल मात्र अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०२२ मध्येच सांगितलंय की साठीपुढे नव्याने सुरू करू नका.

आडमुठा
‘सुरू करू नका’ म्हणजे ‘चालू असलेली थांबवा’ नव्हे.

निवांत७१
हे मान्य. म्हणूनच डॉक्टरांनी सांगेपर्यंत मीही घेतच होतो.