रोल केज: बोल्ट-इन घ्यावा की वेल्ड करून?

डोंगरवाट:
गाडी लॅडर चेसिसची (खाली शिडीसारखी वेगळी चौकट, वर बॉडी), कापडी टपाची. रोज चालवतो, अधूनमधून दगडधोंड्यांच्या ट्रेलवरही नेतो. कंपनीचा बार फक्त पुढच्या सीटांमागे आहे. सहा पायांचा तयार बोल्ट-इन केज (गाडी उलटली तर वाचवणारा, बोल्टने बसवायचा पाइपांचा सांगाडा) चालेल का? विक्रेता "४४ मिमी ईआरडब्ल्यू" (पट्टी गुंडाळून सांधा वेल्ड केलेला पाइप) एवढंच सांगतोय.

तापलेलं_लोखंड:
व्यास सांगितला, वॉल म्हणजे पाइपाची जाडी सांगितली नाही. आधी ती विचारा. ४४.४५ मिमी व्यासाला ३ मिमी वॉल हवी, शक्यतो सीमलेस (बिनसांध्याचा) किंवा डीओएम (वेल्ड करून मग साच्यातून ओढलेला). वजन मीटरला साधारण ३.१ किलो, म्हणजे १५ मीटरचा केज ४६-४७ किलोंचा. त्यातलं बरंच वजन वरच्या बाजूला येतं, तेव्हा उगाच जादा पाइप घालू नका. पण मेन हूपमधला (सीटांमागच्या मुख्य कमानीतला) तिरपा पाइप वगळू नका. तो नसेल तर गाडी कुशीवर पडताच चौकट तिरकी होते.

वाकवलेल्या जागी कॅलिपर लावा. लहान व्यास मोठ्या व्यासाच्या ०.९ पटीपेक्षा कमी भरला किंवा आतल्या बाजूला सुरकुती दिसली, तर तो पाइप परत करा. पाण्याचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप तर नकोच.

चिखलखुणा:
मी पाइपाआधी पाय बघेन. फ्लोअरचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड. गाडी उलटली की पाय तो फाडून खाली घुसतो आणि केज तेवढाच बुटका होतो. एफआयएच्या (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) नियमात पुढच्या आणि मेन हूपच्या प्रत्येक पायाखाली किमान ३ मिमी जाड, १२० चौ. सेंमी. प्लेट आणि ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) किमान तीन एम८ (८ मिमी) बोल्ट आहेत; मागच्या तिरप्या पायांना ६० चौ. सेंमी. आणि दोन बोल्ट. पत्रा दोन प्लेटांमध्ये चिमटा. इतकं नीट केलं तर बोल्ट-इन तुम्हाला पुरेल.

प्लेटांखालून चेसिसला आधार द्यायचा तर मध्ये बुश (रबरी बैठका) हवेत. बॉडी रबर माउंटवर हलते, चेसिस पिळतो. थेट वेल्ड मारलंत तर पायाभोवतीचा पत्रा चिरतो.

डोंगरवाट:
रोज हेल्मेट घालणार नाही. पॅडिंग किती लागेल?

तापलेलं_लोखंड:
हाच खरा अडचणीचा मुद्दा. एसएफआय ४५.१ चं (अमेरिकी रेसिंग सुरक्षा मानकाचं) कडक पॅडिंग हेल्मेटसाठी असतं, उघड्या डोक्याला ते फारसं दबत नाही. मऊ फोम लगेच चेपतो आणि डोकं थेट पाइपावर आदळतं. म्हणून आधी अंतर मिळवा: सीटवर बेल्ट लावून बसा, डोकं चहूकडे कलवून बघा, निदान ८ सेंमी. मोकळे राहिले पाहिजेत. तेवढी जागा निघत नसेल तर सीट खाली घ्या किंवा दुसरा केज बघा. बोल्ट पहिल्या ट्रेलनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.