मदत हवी आहे: ‘हसल’साठी मराठी शब्द सुचवाल का?

नमस्कार मंडळी,

एका अमेरिकी कथेचा अनुवाद करते आहे आणि ‘हसल’ (hustle) या शब्दापाशी अडले आहे. लेखकाने तो पानोपानी वापरलाय आणि दर वेळी वेगळ्या अर्थाने.

काही जागा सुटल्या. पोलीस एकाला ‘हसल’ करून गाडीत बसवतात, तिथे ‘ढकलत नेलं’ चाललं. बास्केटबॉलचा प्रशिक्षक मैदानाबाहेरून ‘हसल! हसल!’ ओरडतो, तिथे ‘पळा, जीव तोडून पळा!’ लिहिलं. बिलियर्ड्सच्या टेबलावरचा ‘हसलर’ मुद्दाम चार डाव वाईट खेळतो, समोरच्याला पैज वाढवू देतो आणि मग खरा खेळ दाखवून पैसे काढतो. त्याला मी ‘ठक’ केलंय, पण त्याचं खेळातलं कसब त्यात येत नाही.

खरी अडचण शेवटाकडे आहे. म्हातारा बाप मुलाला म्हणतो की मी जन्मभर ‘हसल’ केलं. मुलाला त्यात बापाचे कष्ट ऐकू येतात. शेजारी बसलेल्या बापाच्या जुन्या मित्राला मात्र फसवाफसवी ऐकू येते, कारण तो त्यात भागीदार होता. ‘कष्ट’ लिहिलं तर मित्र हसतो का ते कळत नाही. ‘लबाड्या’ लिहिलं तर मुलाचे डोळे भरून येणं खोटं वाटतं. तळटीप देऊन हा प्रसंग मारायचा नाहीये. दोन्ही अर्थ पोटात घेणारा शब्द हवा.

प्रतिसाद १

शब्दाचं मूळ पाहिलं तर ही दुहेरी छटा कुठून आली ते दिसतं. मूळ डच, अर्थ हलवणं, खुळखुळवणं. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला. टोपीत नाणी खुळखुळवून छापा-काट्यावर पैसे लावायचा एक जुगार होता, त्याच्याशी तो जोडलेला. पुढे धक्काबुक्की हा अर्थ आला, मग धक्का देऊन खिसा मारणं. झपाटून काम करण्याचा कौतुकाचा अर्थ नंतर अमेरिकेत रुजला, पण जुना वास गेला नाही.

बेसबॉलपटू पीट रोझचं टोपणनाव ‘चार्ली हसल’ होतं. आरामात चालत जाता येईल तिथेही तो धावत जायचा, म्हणून. त्याच रोझवर १९८९ मध्ये सट्टेबाजीमुळे खेळातून कायमची बंदी आली. तुमच्या कथेतला बाप याच जातीचा वाटतो.

प्रतिसाद २

ताई, ‘खटपट’ बघा. ‘फार खटपट करून घर उभं केलं’ म्हटलं की कष्ट दिसतात. ‘खटपटी-लटपटी करून पद मिळवलं’ म्हटलं की भानगड दिसते. एकवचनी स्वच्छ आणि अनेकवचनी संशयास्पद, असा हा शब्द आहे. बापाच्या तोंडी एकवचन ठेवा. मित्राला हवं ते तो ऐकेल.

मूळ धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! वाक्य असं केलंय: ‘जन्मभर खटपट केली रे, दुसरं काय!’ मित्राच्या तोंडी मूळ कथेत फक्त हसणं आहे, म्हणून ‘लटपट’ हा शब्द त्याच्या तोंडी घालण्याचा मोह आवरला. वाक्य मोठ्याने वाचून पाहिलं, मुलाचं रडू आणि मित्राचं हसू दोन्ही त्यावर टिकतात. टेबलावरच्या माणसालाही आता ‘ठक’ऐवजी ‘खटपट्या’ म्हणता येईल का, ते तपासते आहे. तसं जमलं तर बापाच्या वाक्याला आधीपासूनच जमीन मिळेल.

एक जागा अजून उरली आहे. मुलगा नोकरी सांभाळून रात्री चित्रं विकतो आणि त्याला ‘साइड हसल’ म्हणतो. ‘जोडधंदा’ अर्थाने बरोबर आहे, पण विशीतल्या मुलाच्या तोंडी तो शोभत नाही. शिवाय बापाचा शब्द नकळत मुलाकडे आलाय, हा धागा त्यात तुटतो. ‘वरची खटपट’ कसं वाटतं? की ‘रात्रीची खटपट’?