तळाला छिद्र असलेले तांब्याचे वाडगे

बी-३०४ : सर्वांना नमस्कार. दांडिया बाजारातले आमचे जुने घर रिकामे करताना आजेसासऱ्यांच्या पेटीत हे तांब्याचे पातळ, अर्धगोल वाडगे सापडले. तळाला बरोबर मधोमध बारीकसे छिद्र आहे. डाख देऊन वापरात घ्यावे की मोडीत द्यावे, असा घरात विचार चालू आहे. कोणाला ओळखता येईल का?

ए-१०२ : ताई, महादेवाच्या पिंडीवर टांगतात ती गळती असावी. आमच्याकडे आहे.

सी-२०१ : काका, छायाचित्र पाहून मलाही प्रथम तसेच वाटले, परंतु गळती टांगावी लागते, म्हणून तिला साखळीसाठी कड्या किंवा भोके असतात आणि इथे काठ सर्व बाजूंनी गुळगुळीत आहे. ताई, डाख मुळीच देऊ नका, कारण ज्याला आपण दोष समजतो आहोत ते छिद्रच या वस्तूचा प्राण आहे. माझ्या मते हे घटिकापात्र आहे. पाण्याने भरलेल्या घंगाळात ते रिकामे तरंगत ठेवले की छिद्रातून पाणी हळूहळू आत चढते आणि एका घटकेत, म्हणजे २४ मिनिटांत, ते बुडते. ‘घटका भरली’ असे आपण म्हणतो ते यावरूनच. तळाला छिद्र असलेले तांब्याचे पात्र स्वच्छ पाण्यात अहोरात्रात ६० वेळा बुडते, असे सूर्यसिद्धान्तातही सांगितले आहे. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकास्थापना करीत, ती याचीच.

बी-३०४ : दादा, हे वाचून दाखवताच सासूबाईंना त्यांच्या लग्नातले कोपऱ्यातले घंगाळ आठवले. मुलांना त्याला हात लावू देत नसत म्हणे. आता चिंच-मीठ लावून लख्ख करते.

सी-२०१ : कृपया घासू नका. घासून तांबे झिजले की वजन घटते, आणि हलके पात्र पाण्यावर अधिक वर तरंगत असल्याने सावकाश बुडते. ज्याने एवढे जमवून ते घडवले त्याचे माप आपल्या हातून बिघडेल. आधी गाळलेल्या पाण्यात ठेवून वेळ मोजा, म्हणजे तर्काची गरजच उरणार नाही.

बी-३०४ : मोबाईलवर वेळ लावून दोनदा मोजले. पहिल्यांदा २७ मिनिटे आणि दुसऱ्यांदा जवळजवळ तेवढीच लागली. मग घटिकापात्र नव्हे का?

सी-२०१ : तीन मिनिटांचा फरक पडला तरी माझे मत बदलत नाही. इतकी वर्षे पेटीत पडलेल्या तांब्याच्या छिद्रात हिरवट थर साचणे स्वाभाविक आहे आणि वाट अरुंद झाली की पाणी आत यायला उशीर लागणारच. छिद्रात सुई मात्र घालू नका, तांबे मऊ असते आणि एकदा रुंदावलेले छिद्र पूर्ववत होत नाही. रात्रभर कोमट पाण्यात बुडवून ठेवा. उद्या सकाळी दहा वाजता मी भिंग घेऊन येतो, मग सासूबाईंच्या समोरच पुन्हा मोजू.