भाचा आमच्याकडे, आईवडील पुण्यात: फाफ्सात डिपेंडंट की इंडिपेंडंट?

रानवाट: भाचा १८ वर्षांचा, जन्म इथला, म्हणजे अमेरिकन नागरिक. बहीण आणि मेहुणे पुण्याला परतले; तो न्यू जर्सीत आमच्याकडे राहून हायस्कूल करतोय. खर्च आमचा, टॅक्स रिटर्नमध्येही आम्हीच त्याला डिपेंडंट दाखवतो. शाळेसाठी गार्डियनशिपचं नोटराइज्ड पत्र केलंय. २०२६-२७ च्या फाफ्सात (कॉलेजसाठी अमेरिकन सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) तो इंडिपेंडंट, म्हणजे पालकांची माहिती न देणारा, धरायचा का? की पालक म्हणून आमचं उत्पन्न टाकायचं? मेहुण्यांकडे जुना एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) आहे, बहिणीकडे नाही.

त्रिज्या: दोन्ही नाही. तो डिपेंडंटच, आणि पालक म्हणून तुमच्या बहिणीची आणि मेहुण्यांचीच माहिती जाणार.

टॅक्समधला डिपेंडंट आणि फाफ्सातला डिपेंडंट यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. राहतो कुठे, खर्च कोण करतं, रिटर्नमध्ये कोण दाखवतं, यातलं फाफ्सा काहीच बघत नाही. २०२६-२७ साठी इंडिपेंडंट ठरायला जन्म १ जानेवारी २००३ च्या आधीचा हवा, नाहीतर पुढीलपैकी एक तरी लागू हवं: लग्न झालेलं, पदव्युत्तर शिक्षण, लष्करात सक्रिय सेवा किंवा माजी सैनिक, स्वतःवर अवलंबून असलेलं मूल वा अन्य कोणी (निम्म्याहून जास्त खर्च विद्यार्थ्याचा), वयाच्या १३ नंतर कधीही आईवडील दोघंही हयात नसणं किंवा फॉस्टर केअर (सरकारी व्यवस्थेतून दुसऱ्या कुटुंबात वाढणं) वा कोर्टाचा ताबा, कोर्टाने दिलेली इमॅन्सिपेशन (सज्ञान होण्याआधीच पालकांपासून कायद्याने स्वतंत्र होणं) किंवा गार्डियनशिप, एकटं असून बेघर.

तुमचं पत्र 'गार्डियनशिप'मध्ये बसत नाही. राज्यातल्या कोर्टाचा आदेश लागतो; नोटरी किंवा पॉवर ऑफ अटर्नी चालत नाही. पत्र शाळेने मान्य केलं म्हणून तिथे 'हो' लिहू नका. कॉलेज आदेशाची प्रत मागतं आणि ती नसली की सगळं पुन्हा पालकांच्या माहितीवर येऊन अडतं.

कोरापान: आता खरं काम. बहीण आणि मेहुण्यांनी अमेरिकेचं २०२४ चं एकत्रित रिटर्न भरलेलं नसणार, त्यामुळे दोघंही कॉन्ट्रिब्यूटर, म्हणजे फॉर्ममध्ये स्वतःची माहिती आणि संमती देणारे. बहिणीला उत्पन्न नसलं तरीही. दोघांची स्टुडंटएडवर (फाफ्सा भरायची सरकारी वेबसाइट) वेगवेगळी खाती, वेगवेगळे ईमेल. एकच ईमेल दोन खात्यांना चालत नाही, आणि आपल्याकडे घरातला एकच ईमेल सगळीकडे देण्याची सवय असते.

मेहुण्यांनी जुना एसएसएनच वापरायचा, तो आयुष्यभराचा असतो. 'एसएसएन नाही' असं टिक केलं तर नोंदी जुळत नाहीत. बहिणीने मात्र 'नाही' हेच निवडायचं. जुना आयटीआयएन (एसएसएन नसलेल्यांना मिळणारा टॅक्स क्रमांक) असला तर तो एसएसएनच्या रकान्यात घालायचा नाही. मेहुण्यांचं नाव सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे तसंच, बहिणीचं पासपोर्टप्रमाणे. एसएसएन नसलेल्या खात्याची ओळख पटवायला कागद मागू शकतात, म्हणून तिचं खातं आधी उघडा.

नंतर संमतीचं पान येतं: आयआरएसकडून (अमेरिकेचं टॅक्स खातं) माहिती घेण्याची परवानगी. इथेच बहुतेकांचं अडतं. 'आम्ही अमेरिकेत टॅक्स भरतच नाही, मग कशाला' म्हणून लोक नकार देतात. संमती तरीही लागते. ती नसली तर भाच्याला एक डॉलरचीही फेडरल मदत मिळणार नाही. भारतातल्या उत्पन्नाचे आकडे हाताने भरायचे, फॉर्म भरता त्या दिवशीच्या दराने डॉलरमध्ये. आयटीआरची प्रत हाताशी ठेवा, कॉलेज पडताळणीला मागू शकतं.

ते स्वतः राहतात तो फ्लॅट मालमत्तेत धरायचा नाही. भाड्याने दिलेला दुसरा फ्लॅट आणि बँकेतल्या एफडी मात्र धरायच्या.

पाणवठा: जरा अवांतर. पालकांनी माहिती द्यायला साफ नकार दिला तर इंडिपेंडंट होता येतं का?

त्रिज्या: नाही. नुसता नकार, किंवा 'आम्ही फी भरणार नाही', हे कारण धरत नाहीत. अशा वेळी फॉर्ममध्ये फक्त अनसब्सिडाइज्ड लोनसाठी (शिकत असतानाही व्याज चढणारं सरकारी कर्ज) अर्ज करण्याचा पर्याय असतो. पालक आर्थिक मदत करत नाहीत याचा पुरावा कॉलेज मागतं. पहिल्या वर्षी मर्यादा ५,५०० डॉलर. पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत) नाही.

संपर्क साधणंच अशक्य किंवा धोक्याचं असेल (छळ, सोडून दिलेलं मूल, तुरुंगातला पालक, निर्वासित असणं) तर 'असाधारण परिस्थिती'च्या प्रश्नाला 'हो' म्हणायचं. विद्यार्थी तात्पुरता इंडिपेंडंट धरला जातो, अंतिम निर्णय फायनान्शियल एड ऑफिसचा. सोशल वर्कर, शाळेचा समुपदेशक किंवा कोर्टाचे कागद लागतात. रानवाट, तुमच्या भाच्याचं पालकांशी नीट बोलणं आहे, त्यामुळे तो मार्ग त्याला नाही.

रानवाट: म्हणजे आमचं उत्पन्न कुठेच नाही? फी आम्ही दिली तर तेही दाखवायचं नाही?

कोरापान: फाफ्सात कुठेच नाही. नातेवाइकांनी दिलेल्या पैशाचा प्रश्न २०२४-२५ पासून फॉर्ममधून गेला. काही खासगी कॉलेजं स्वतःची मदत ठरवायला सीएसएस प्रोफाइल हा वेगळा फॉर्मही मागतात, तिथले प्रश्न याहून जास्त खोलात जातात. तो फॉर्म या उत्तरांवर विसंबून भरू नका. इन-स्टेट फीचा (राज्यातल्या रहिवाशांना मिळणारी कमी फी) निकषही वेगळा. भाचा तुमच्या घरी राहतो एवढ्यावर ती मिळेल असं धरू नका. कॉलेजच्या रेसिडेन्सी विभागाला प्रवेशाआधीच ईमेल करा आणि पालक भारतात आहेत हे पहिल्याच ओळीत लिहा.