गेमच्या संगीतात ‘पदर येतो’ की ‘पदर लागतो’? (चर्चामंच; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

सात रस्ता

एका वाक्यावरून माझं हसं झालंय, ते दुरुस्त करून हवंय.

आम्ही चौघं मिळून एक छोटा गेम करतोय. दोन बहिणी, वडिलांच्या पश्चात बंद पडलेला मागांचा कारखाना आणि दोघींचं जुनं भांडण. खेळणारा म्हणजे धाकटी. थोरलीशी कसं बोललात, काय सांगितलंत, काय दडवलंत, यावर दोघींमधलं नातं बदलत जातं आणि नात्याबरोबर मागचं संगीतही. संगीत माझ्याकडे आहे. धाकटीची बासरी, थोरलीची पेटी, खाली संबळ आणि सगळ्यात शेवटी सारंगी. चारही वाद्यं वेगवेगळी रेकॉर्ड करायची, पण गेममध्ये ती एकाच क्षणी सुरू होतात आणि बरोबरीनं चालत राहतात. ज्याची वेळ आलेली नाही त्याचा आवाज शून्यावर ठेवलेला असतो, एवढंच. नात्याला शून्य ते शंभर असा आकडा दिलाय. तीसच्या पुढं गेला की पेटी हळूहळू ऐकू यायला लागते, साठच्या पुढं सारंगी.

वाजवणारी मंडळी इथलीच, सोलापूरची. पेटीवाल्या काकांना ‘लेअर’ म्हटलं की ‘लेहरा’ (तबल्याच्या साथीची पेटीवरची ओळ) ऐकू येतं आणि ते लगेच तीनताल धरतात. म्हणून कागदावर मराठीत लिहायचं ठरवलं. ‘थर’ नको वाटला (मला गोविंदा दिसायला लागतात), म्हणून ‘पदर’ घेतला. वाक्य असं झालं : ‘आकडा तीस झाला की थोरलीला पदर येतो.’ काकांनी वाचलं, न बोलता काकूंच्या हातात दिलं. काकू म्हणाल्या, “मग मखर कुठं बांधायचं?”

मला कळायला दोन मिनिटं लागली. तर शब्द ठेवायचा का, आणि ठेवला तर क्रियापद कोणतं?

कोशवाला

शब्द सोडू नका, क्रियापद सोडा. ‘पदर येणे’ म्हणजे मुलगी वयात येणे; पूर्वी तेव्हा तिला मखरात बसवायचे. जुन्या पिढीतल्या कुठल्याही बाईला आधी तोच अर्थ दिसणार, काकूंचा काही दोष नाही.

पण पदराचे बाकीचे अर्थ बघा. दोऱ्याला पदर असतात : दुपदरी, तिपदरी. आपला पुण्याचा रस्ता चौपदरी. पोळीला पदर असतात. आणि नात्यात, ‘त्यांचा आमचा पदर लागतो’ म्हणजे सोयरीक होऊ शकते, कुळं जुळतात. थर, धागा आणि नातं या तिन्ही गोष्टी एका शब्दात बसवणारा दुसरा शब्द मला तरी आठवत नाही.

थर आणि पदर यात आणखी एक फरक. थर एकावर एक रचलेले असतात; खालचा काढला की वरचा कोसळतो. पदर एकमेकांभोवती पिळलेले असतात. एक काढला तर दोरा बारीक होतो, तुटत नाही. सारंगी नसली तरी तुमची धून चालू राहते ना? मग पदरच. आणि क्रियापद ‘लागतो’. तीस आकड्याला थोरलीचा पदर लागतो.

गेम स्वतःच्या पैशानं करत असाल तर पदरमोड हाही अर्थ घरात आहेच.

कांडीवाली

आई कांड्या भरायची, मी मागांच्या खडखडाटात अभ्यास केलाय, म्हणून बोलते. तुम्ही जे सांगताय ते मागावर रोज घडतं. चादरीचा ताणा (उभे धागे) बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, आधीच गुंडाळलेला असतो, सगळे धागे पहिल्यापासून तिथंच. कुठला धागा वर उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा हे मागावरच्या जॅकार्ड यंत्राचे भोकं पाडलेले पत्ते ठरवतात. मोर दिसतो तिथं मोराचा धागा वर आलेला असतो, नाही दिसत तिथं तो पोटात दबलेला असतो. गेलेला नसतो.

तुमची पेटी पहिल्यापासून वाजतेच आहे, ऐकू येत नाही एवढंच. मग ती ‘लागते’ कशी? लागायला ती बाहेरून यायला पाहिजे. ‘उचलतो’ म्हणा.

सात रस्ता

हे फार नेमकं आहे. यावरून ताणा हा शब्द मला दुसऱ्याच जागी कामाला येईल. पदर केव्हाही वर आले तरी बेसूर होऊ नयेत म्हणून सगळ्यांचा सूर आणि लय आधी बांधून घ्यावी लागते. 2010 च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन’ या गेमचं बरंचसं संगीत बिल एल्म आणि वुडी जॅक्सन यांनी ए मायनर या एकाच स्वरपट्टीत आणि मिनिटाला 130 ठोक्यांच्या एकाच लयीत करून ठेवलं होतं, ते याचसाठी. त्या बांधलेल्या सूर-लयीला आमच्या कागदावर आजपासून ‘ताणा’. आमचा ताणा काळी दोन (पेटीची दुसरी काळी पट्टी), लय 84.

पण ‘पदर उचलतो’ कसं म्हणू, कांडीवाली ताई? रस्त्यावर मार खाईन.

शेंगाचटणी

😄 मग पोळीकडे या की. घडीची पोळी लाटताना पदर आतच असतात, तेल-पीठ लावून आपणच घातलेले. तव्यावर ऊब लागली की ते सुटतात. ‘पदर सुटले’ म्हणतो आपण, आणि ते कौतुकानं म्हणतो. कांडीवालीचा मुद्दाही राहतो (आधीपासून आत आहे) आणि नात्यातली ऊबही राहते. आकडा तीस झाला की पदर सुटतो. भाकरीवाल्या गावात पोळीचं उदाहरण देतेय, माफी असावी.

कोशवाला

गोड आहे, पण कागद काकूंच्याच हातात जाणार आहे. पोळीचा पदर सुटला तर कौतुक, लुगड्याचा सुटला तर पंचाईत. शिवाय ‘सुटणे’ म्हणजे हातातून जाणेही. वाजवणारा घाईत वाचेल आणि नेमकं तिथंच थांबेल.

अशोक चौक

आमच्या घरी तेलुगू. पदराला आम्ही कोंगु म्हणतो, लग्नात दोघांच्या वस्त्रांची गाठ मारतात ती कोंगुमुडी. शेजारच्या कानडी आजी सेरगु म्हणतात. तिन्ही भाषांत बाईचं वस्त्र संपतं तिथं नातं सुरू होतं, असं काहीतरी आहे बघा. (मोठं वाक्य झालं, सोडून द्या.)

कामाचं सांगतो. इरकली लुगडं नीट बघितलंय का? अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा असतो. दोन्ही ताण्यांचे फासे एकमेकांत अडकवून पुढं विणतात. तिथं ‘लागतो’ हाच शब्द बसतो, कारण जोड खरोखर असतो. तुमच्या गेममध्ये एक तुकडा संपून पूर्ण वेगळा तुकडा सुरू होत असेल तर तिथं ‘लागतो’ वापरा. ऐकू न येणारं ऐकू येतं तिथं दुसरं काहीतरी.

लेहरा

पेटीवाल्या काकांची बाजू घेतो. पुन्हापुन्हा फिरणाऱ्या तुकड्याला तुम्ही गेमवाले ‘लूप’ म्हणता, त्याला लेहराच म्हणतात की ओ! तबला सोलो वाजतो तेव्हा पेटीवर तीच ओळ तासभर फिरत राहते. काकांनी चुकीचं ऐकलं आणि बरोबर समजले.

अशोक चौक म्हणतात त्या जोडाला आमच्याकडं शब्द तयार आहेत. बदल कुठंही करायचा नाही, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) करायचा. समेवर यायला मध्ये छोटा तुकडा लागत असेल तर तो मोहरा. तीनदा वाजवून समेवर पडला तर तिहाई. 1991 च्या ‘मंकी आयलंड 2’ या गेमसाठी मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी ‘आयम्यूज’ नावाची संगणकी यंत्रणा तयार केली, तिचं मोठं काम हेच होतं. पात्र एका जागेतून दुसऱ्या जागेत गेलं की संगीत कचकन तुटू नये, सोयीची मात्रा बघून वळावं. एफमॉड, वाइज या गेमच्या आवाजासाठीच्या आजच्या सॉफ्टवेअरमध्येही ‘पुढच्या मात्रेवर बदल’, ‘पुढच्या बारवर बदल’ अशा सोयी असतात. काकांना ‘आवर्तन पूर्ण करून समेवर’ म्हणा (आवर्तन म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा), दुसरं काही सांगायची गरज नाही.

संगीत खेळाप्रमाणे बदलणं तर त्याहून जुनं. 1978 च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये चारच खालचे सूर होते, शत्रू मारले जाऊन कमी झाले की त्या सुरांची लय वाढायची. पण तिथं फक्त उरलेले शत्रू मोजले जायचे. नातं मोजायला लागलात की अवघड होतं, कारण नातं आकड्यासारखं मागं येत नाही.

सात रस्ता

लेहरा, तुमच्या शेवटच्या वाक्यानं रात्रीची झोप घालवली. कारण नेमकं तेच बिनसलं होतं आणि मी दोष पेटीच्या रेकॉर्डिंगला देत होतो.

आकडा सत्तरवर जातो, मग धाकटी कारखान्याची कागदपत्रं लपवते आणि आकडा पंचविसावर घसरतो. यंत्र इमानदारीनं सारंगी काढतं, पेटी काढतं. उरतं ते हुबेहूब पहिल्या प्रसंगातलं : एकटी बासरी आणि संबळ. ऐकताना खोटं वाटतं. पहिल्या प्रसंगात दोघी वर्षानुवर्षांनी भेटलेल्या, एकमेकींना जवळपास परक्या. आता त्या परक्या नाहीत, दुरावलेल्या आहेत. आकडा एकच, शब्द दोन.

कोशवाला

दोनच कशाला? बिनसलेल्या नात्याला मराठीत शब्दांची रेलचेल आहे आणि एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. रुसवा एकाचाच असतो आणि समोरच्यानं समजूत काढावी अशी त्यात आशा असते. अबोल्याला दोघं लागतात. दोघं त्याच घरात, त्याच ताटावर बसतात आणि बोलत नाहीत. दुराव्यात अंतर असतं, काळ असतो, भांडण झालेलंच असावं असं नाही. वितुष्ट म्हणजे आत कडू झालेलं. फारकत झाली की विषय संपला, तिथं संगीत लागणारही नाही.

तुमच्या थोरलीचं यातलं नेमकं काय झालंय, ते ठरवा. मग पदराचं क्रियापदही सापडेल.

सात रस्ता

अबोला. दोघी त्याच कारखान्यात राहतात, त्याच चुलीवर खातात.

मग असं केलं. आकड्याशेजारी आणखी एक खूण ठेवली : हे नातं पूर्वी कधी साठच्या पुढं गेलं होतं का? गेलं असेल आणि आता खाली आलं असेल तर पहिल्या प्रसंगाचा तुकडा लावायचाच नाही. मूळ धून सवाल-जवाबाची आहे : दोन आवर्तनं बासरी विचारते, दोन आवर्तनं पेटी उत्तर देते. अबोल्यात बासरी विचारते आणि पेटीची दोन आवर्तनं तशीच रिकामी जातात. संबळ चालू, पेटी गप्प. पण पहिल्या प्रसंगात पेटी नव्हतीच; इथं ती असून बोलत नाही, हे कानाला कळायला पाहिजे. म्हणून काकांना म्हटलं, पट्टी दाबू नका, फक्त भाता हलवा.

काका म्हणाले, “काय करूलालास बे? सूरच नाय तर मला बोलावलास कशाला?” पण भाता हलवला. त्यांची पेटी जुनी, भात्यातून हवा जाताना हलका सुस्कारा येतो. एरवी रेकॉर्डिंगमध्ये तो काढून टाकायला माझे दोन-दोन तास जातात. यावेळी माइक आणखी जवळ नेला.

कांडीवाली

मग वाक्य काय लिहिलंत शेवटी?

सात रस्ता

तीन क्रियापदं झाली. ऐकू यायला लागतो तेव्हा ‘पदर उलगडतो’. आधीपासून घडीत होता, हा तुमचा मुद्दा त्यात राहतो. वेगळा तुकडा समेवर जोडला जातो तिथं ‘पदर लागतो’. आणि अबोल्यात ‘पदर मिटतो’, कारण मिटलेला पदर गेलेला नसतो.

काकूंना वाचून दाखवलं. ‘उलगडतो’ला मान हलवली. ‘मिटतो’वर म्हणाल्या, “मिटतो नको, आवरते लिही. बाई रागावली की पदर आवरून बसते.”

तेवढी एक ओळ खोडून ‘थोरली पदर आवरते’ केलीय. व्याकरणात कर्ता बदलला, चालेल ना, कोशवाला?

कोशवाला

चालेल. आता ती मोजली जात नाही, स्वतः काहीतरी करते.

शेंगाचटणी

सारंगी पुन्हा कधी येते ते सांगा. खूण एकदा लागली की कायमची का?