आखाजीचे पत्ते, मटका आणि रेस : जुगाराच्या बोलीतील शब्दांविषयी विचारणा

गिरणाकाठ (चाळीसगाव) :
नमस्कार. खान्देशातील निरनिराळ्या व्यवसायांच्या बोलीतले शब्द मी टिपून ठेवत आहे. जिनिंग, केळीची बाग किंवा गुरांचा बाजार यांतील शब्द विचारले की लोक आपणहून सांगतात. जुगाराच्या शब्दांपाशी मात्र ते संकोचतात, आणि जे सांगतात ते मटका, पत्ते व घोड्यांची शर्यत यांची सरमिसळ करतात. पाना, जोडी, खयवाडी, नाल, पंटर, टोट हे शब्द नेमके कोणत्या खेळातले आहेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे. खेळ शिकण्याचा हेतू नाही. नोंद अचूक व्हावी एवढीच इच्छा आहे.

जुना जिनिंगवाला (जळगाव) :
आपण कापसाच्या मुलखातून विचारता आहात, तेव्हा कापसापासूनच सुरुवात करतो, कारण मटक्याची बोली तिथूनच आली आहे. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे कापसाचे उघडते आणि बंद होतानाचे भाव टेलिप्रिंटरने मुंबईला येत आणि त्या आकड्यांवर पैसे लावले जात. ओपन आणि क्लोज हे शब्द त्या भावांचे आहेत. १९६१ साली ते भाव येणे थांबले, तेव्हा शून्य ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकून त्यातून एक काढण्याची रीत पडली. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळी मटका आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी न्यू वरळी मटका सुरू केला. पुढे मडके जाऊन पत्ते आले, तरी नाव मात्र मटकाच राहिले.

तीन पत्ते काढले की तो पाना होतो. समजा २, ५, ६ आले, तर बेरीज १३ आणि तिचा शेवटचा अंक ३ हा ओपनचा आकडा. नंतर क्लोजला १, ४, ९ आले, तर बेरीज १४ आणि आकडा ४. दोन्ही मिळून ३४ ही जोडी. शून्याला दहा मानून पान्यात शेवटी लिहितात, म्हणून १२० हा पाना असतो, ०१२ नसतो. तिन्ही अंक वेगळे असतील तर सिंगल पाना आणि दोन सारखे असतील तर डबल पाना म्हणतात. तिन्ही सारखे असलेले दहा धरून सर्व पाने २२० भरतात.

पैसे लावण्याला लगवाडी आणि ते स्वीकारण्याला खयवाडी म्हणतात. क्रिकेटच्या सट्ट्यातही हीच जोडी चालते. आकडे दहा आणि रूढ भाव नऊपट, म्हणजे दहाव्या हिश्शाचा लाभ खयवाडी करणाऱ्याकडे राहणार हे गणितातच ठरलेले आहे. लावणाऱ्याचे नुकसान नशिबाने होते, असे सांगणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पांझरा (धुळे) :
पत्त्यांपुरते सांगतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणतात आणि पुरुष पत्ते कुटतात, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचे, सालही तेव्हाच ठरते, त्यामुळे हाती उचल आलेल्या माणसाला तो डाव फार महाग पडतो. तीनपत्तीत प्रत्येकाने आरंभी टाकायची रक्कम म्हणजे बूट, पाने न पाहता केलेली चाल म्हणजे ब्लाइंड, आणि डाव सोडणे म्हणजे पॅक. झन्ना-मन्ना हे पत्त्यांवरच्याच जुगाराचे नाव आहे. नाल मात्र खेळाडूचा शब्द नाही. ज्याच्या जागेत डाव बसतो तो मालक जागेबद्दल जो वाटा कापून घेतो, त्याला नाल म्हणतात. कोण जिंकले आणि कोण हरले याच्याशी नालेचा संबंध नसतो.

तापीतीर (शहादा) :
टोट हा शब्द रेसकोर्सचा, म्हणजे मुंबईतील महालक्ष्मी आणि पुणे इथला. बुकी, म्हणजे पैजा स्वीकारणारा, स्वतःचा भाव देतो. टोटवर सर्वांचे पैसे एकत्र होतात आणि कर व क्लबची कपात वजा जाता उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. त्यामुळे ज्या घोड्यावर पैसा अधिक लागतो, त्याचा परतावा घटतो. अशा घोड्याला फेवरिट म्हणतात. पहिल्या घोड्यावरची पैज विन, आणि पहिले तीन क्रमाने ओळखण्याची पैज तनाला. मेडन म्हणजे अजून एकही शर्यत न जिंकलेला घोडा.

आमच्या सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतील घोडेबाजाराचे शब्द कृपया या नोंदीत मिसळू नयेत. नुकरा, अबलख, पंचकल्याणी हे घोड्याचा रंग आणि खुणा सांगणारे शब्द आहेत. ते घोडा पारखणाऱ्याचे आहेत, पैज लावणाऱ्याचे नाहीत. कायद्याच्या दृष्टीनेही भेद आहे. मटक्यावर १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने कारवाई होते, तर घोड्यांची शर्यत प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली म्हटले आहे.

गिरणाकाठ (चाळीसगाव) :
आपणा तिघांचा अत्यंत आभारी आहे. पंटर तेवढा राहिला.

जुना जिनिंगवाला (जळगाव) :
रेसकोर्सवर पंटर म्हणजे स्वतःचे पैसे लावणारा गिऱ्हाईक. आपल्याकडे बोलताना मात्र कुणाच्या तरी मागे फिरणाऱ्या, त्याची कामे करणाऱ्या माणसाला पंटर म्हणतात. दोन्ही अर्थ स्वतंत्रपणे नोंदवावेत आणि प्रत्येकापुढे खेळाचे वा वापराचे नाव लिहावे.