मदत हवी आहे: नवऱ्याच्या हॉस्पिटल बिलाचं जजमेंट आणि बायकोचा पगार (न्यू जर्सी)

ऑपरेशन नवऱ्याचं, ११ हजार डॉलरचं बिल थकलं, कोर्टाचं जजमेंटही त्याच्या एकट्याच्या नावावर. आता जॉइंट अकाउंट गोठलंय आणि त्यात पगार जमा होतो बायकोचा. तिच्या पगारावर, घरावर टाच येईल का? समन्स हातात पडलंच नाही, असं दोघांचं म्हणणं आहे.

प्रतिसाद १
आधी जजमेंटचा कागद वाचा. प्रतिवादी म्हणून तिचं नाव नसेल, तर त्या कागदावर तिचा पगार कापता येत नाही. पण म्हणून ती सुटली असं नाही. राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या १९८० च्या निकालापासून इथे नवरा-बायको एकमेकांच्या आवश्यक खर्चाला जबाबदार धरले जातात, आणि उपचार त्यात येतात. क्रम मात्र ठरलेला आहे: आधी ज्याने उपचार घेतले त्याची मालमत्ता, ती पुरली नाही तरच जोडीदाराची. शिवाय तिच्यावर वेगळा दावा लावावा लागतो.

हॉस्पिटलच्या भरतीच्या फॉर्मवर तिने ‘गॅरंटर’ (बिलाची हमी घेणारी) म्हणून सही केली असेल, तर हा क्रमबिम विसरा. फॉर्मची प्रत बिलिंगकडून मागवा.

प्रतिसाद २
सगळ्यात घाईचं काम खात्याचं. लेव्ही (जजमेंटच्या वसुलीसाठी खात्यावर आलेली जप्ती) लागली की बँक रक्कम अडकवते, पण वादीला ती लगेच मिळत नाही. त्याला टर्नओव्हर मोशन, म्हणजे अडकलेली रक्कम आपल्याला द्यावी असा कोर्टाकडे अर्ज, लावावं लागतं. त्याच्या आत लेखी हरकत पोहोचली पाहिजे. मुदत नोटिशीवर असते आणि ती थोडकीच असते.

इथल्या कायद्याने जॉइंट अकाउंटमध्ये ज्याने जितके भरले तितके त्याचे. ते दाखवायचं कसं? स्टेटमेंट आणि पे-स्टब शेजारी ठेवून, जमेची एकेक ओळ जुळवून. नुसतं ‘पैसे माझे आहेत’ असं पत्र कोणी विचारात घेत नाही. तिचा पगार त्याच्या सेव्हिंग्जमधून फिरून आला असेल तर माग काढणं कटकटीचं होतं.

पुढचा पगार तिच्या एकटीच्या खात्यात वळवा. त्याचे पैसे मात्र तिकडे सरकवू नका. धनको टाळायला केलेलं हस्तांतरण कोर्ट उलटवू शकतं.

घर लग्नानंतर दोघांच्या नावावर घेतलेलं असेल तर एकट्याच्या देण्यासाठी ते विकायला लावणं अवघड. पण जजमेंट २० वर्षं टिकतं, रिफायनान्सच्या वेळी डोकं वर काढतं.

प्रतिसाद ३
समन्सचं बघा. एवढ्या रकमेचा दावा स्पेशल सिव्हिल पार्टमध्ये (कोर्टाचा लहान रकमांच्या दाव्यांचा विभाग) चालतो, केस नंबर ‘डीसी’ने सुरू होतो. तिथे समन्स सर्टिफाइड आणि साध्या टपालाने एकदमच जातं. सर्टिफाइड कोणी उचललं नाही आणि साधं परत आलं नाही, तर बजावणी झाली असं धरतात. जुना पत्ता असेल तर इथेच घोटाळा होतो. कोर्टाच्या फाइलमधला पत्ता त्या तारखेच्या लीजशी ताडून पाहा.

डिफॉल्ट (प्रतिवादीने उत्तर न दिल्याने एकतर्फी लागलेलं जजमेंट) रद्द करायला ‘नजरचुकीने राहिलं’ या कारणाला एक वर्षाची मुदत आहे. बजावणीच झाली नसेल तर ‘वाजवी वेळेत’ यावं लागतं, म्हणजे कळल्यावर लगेच. अर्जात बचावही लिहा: इन्शुरन्सने काय भरलं, बिलात काय दोनदा लागलंय.

मूळ प्रश्नकर्ती
धन्यवाद. फॉर्मवर तिची सही आहे, पण खाली ‘रुग्णाच्या वतीने’ असं छापलंय.

प्रतिसाद १
मग बरं आहे, पण सहीच्या वरचा परिच्छेद वाचा. ‘रुग्ण व सही करणारी व्यक्ती दोघेही देणे लागतात’ हे वाक्य असलंच तर तिथे, बारीक अक्षरात असतं. असेल तर वकिलाला तेच पान आधी दाखवा.